गुलाबीवर लाल

आवटी सकाळपासून एकदाही "बाई, जरा कोपरा बघा की" म्हणाले नव्हते, आणि आता साडेअकरा वाजत आले होते.

प्रमिला शेडबाळे यांनी हे मोजलं होतं. मोजायचं नाही असं ठरवून मोजलं होतं. मिरजेच्या कृष्णाकाठ रक्तपेढीत त्या सव्वीस वर्षं तंत्रज्ञ होत्या. त्यातली अठरा वर्षं सदानंद आवटी शेजारच्या टेबलावर होते, आणि त्या अठरा वर्षांत दिवसाला तीस-चाळीस वेळा ही हाक कानावर पडली नाही असा कामाचा दिवस गेला नव्हता. गेल्या तीन महिन्यांत मात्र ती एकदाही पडली नव्हती.

रक्तपेढीचा कारभार एका तक्त्यावर चाले. संगणकावरचा साधा, चौकटींचा तक्ता. एका ओळीत एक रुग्ण. नावाच्या चौकटीला रक्तगटाचा रंग: ए पिवळा, बी गुलाबी, ओ निळा, एबी पांढरा. आणि काही चौकटींच्या वरच्या कोपऱ्यात तिळाएवढा त्रिकोण. हिरवा असला तर साधी टीप, काळजी नको. लाल असला तर थांबा, या माणसाला रक्त देण्यात धोका आहे, आधी टीप वाचा. या टिपा तीस वर्षांत नाना हातांनी, जशा सुचल्या तशा लिहिलेल्या. यंत्राला त्या धड उमगत नसत, आणि उमगल्या असत्या तरी पिशवी द्यायची की नाही हे यंत्रानं ठरवायचं नाही, असा नियम होता. दोन माणसांनी ठरवायचं. एकानं आपल्या टेबलावर ओळ वाचायची, कोपरा बघायचा, अंगठा लावायचा. दुसऱ्यानं आपल्या टेबलावर पुन्हा तेच करायचं.

यात गोम अशी होती की आवटींना लाल-हिरव्यातला फरक कळत नसे, आणि गुलाबी चौकटीत तर लाल तीळ असल्याचंही दिसत नसे. जन्मापासूनच. नोकरीला लागताना त्यांनी ते लपवलं नव्हतं. रक्तपेढीचे प्रमुख डॉ. मुजावर यांनी त्यांचा चाचण्यांतला हात पाहिला आणि ठेवून घेतलं, एका अटीवर: प्रत्येक कोपरा शेडबाळेबाईंना विचारायचा. तेव्हापासून ही रीत.

"बाई, कोपरा?"

"रिकामा."

"बाई, हा?"

"लाल आहे आवटी, हात काढा!"

बाईंची नजर अशी की सगळी रक्तपेढी त्यांना घार म्हणे. खुर्चीतून न उठता, मान तिरकी करून, चार हातांवरच्या पडद्यावरचा तीळ त्या टिपत. आवटींची बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. प्रमिलाबाईंचं लग्न आईवडिलांच्या आजारपणात राहिलं ते राहिलंच. दोघांत काही होतं म्हणणाऱ्याची जीभ झडो, पण काहीच नव्हतं म्हणणाराही खोटारडाच.

मग जानेवारीत संगणकांचे नवे पडदे आले.

पडदे बसवायला कंपनीची एक मुलगी आली होती. चटपटीत होती आणि समजावून सांगायची तिला हौस होती. "बघणं वेगळं आणि टिपणं वेगळं," ती म्हणाली. "डोळ्यानं एखादी खूण खरंच टिपली, तर नजर तिथं क्षणभर अडखळते आणि बाहुली केसभर रुंदावते. आपल्याला ते जाणवतही नाही. पडद्याच्या कडेचा कॅमेरा तेवढं पकडतो. खूण टिपली गेली नाही, तर पडदा तिचा रंग आणि उजेड हळूहळू बदलत जातो, टिपली जाईपर्यंत. आठ दिवसांत त्याला तुमचा डोळा पाठ होतो. मग तुम्ही खुर्चीत बसलात की तुमच्या डोळ्याचे रंग, दुसरं कुणी बसलं की त्याच्या डोळ्याचे."

आवटींनी विचारलं, "म्हणजे मला लाल दिसणार?"

"लाल नाही दिसणार, पण लाल कुठं आहे ते दिसेल." मग तिनं कागदावर तीन वर्तुळं काढून दाखवली. डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या. आवटींच्या डोळ्यातले दोन प्रकार जवळजवळ एकाच उजेडाला ओ देतात, म्हणून लाल आणि हिरवा त्यांना एकाच मातकट रंगाचे भाऊ वाटतात. शिवाय खूण जितकी बारीक तितका रंग ओळखणं कुणालाही अवघड. लुगडंभर लाल आणि तीळभर लाल यांत डोळ्याला फार फरक पडतो. तीळभर खुणेला वाचवतो तो रंग नव्हे, तर उजेडातला फरक. खूण गडद आणि मागची चौकट फिकी, किंवा उलट. "आणि तुमच्या तक्त्यात सगळ्यात वाईट जोडी आहे ती गुलाबीवर लाल," ती म्हणाली. "कुणी निवडली हो?"

निवडली होती प्रमिलाबाईंनीच. त्या म्हणाल्या, "आम्हाला दिसतं."

"दिसत असेल तर छानच. ज्याला गरज नाही त्याच्यासाठी पडदा काहीच करत नाही."

"आणि कुणासाठी किती करतोय, ते कळतं का?" डॉ. मुजावरांनी विचारलं.

"नाही सर. ते आम्ही मुद्दाम दाखवत नाही. माणसं दुखावतात."

प्रमिलाबाईंनी मनातल्या मनात नाक मुरडलं. त्यांच्यासाठी पडदा काय करणार होता? बाजूला बसून शिकला असता तर शिकला असता.

नवव्या दिवशी आवटी खुर्चीतून जवळजवळ उडालेच. "बाई! कोपरा दिसतोय! हा लाल हाय, हा हिरवा. बरोबर काय?"

बरोबर होतं. प्रमिलाबाई उठून त्यांच्या पाठीशी जाऊन उभ्या राहिल्या. आवटींच्या पडद्यावर लाल त्रिकोण शाईसारखा गर्द निळा झाला होता आणि त्याला पिवळी कड होती.

"हा कसला मेला लाल?"

"माझा लाल हाय की," आवटी म्हणाले आणि लहान मुलासारखे हसले.

त्या हसण्यानं बाईंना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. अठरा वर्षं आवटींचा लाल म्हणजे प्रमिला शेडबाळे होती. आता त्याला पिवळी कड आली होती.

त्यानंतर जळफळाटाचे दिवस सुरू झाले. आवटी सकाळी आल्या आल्या खिशातला रुमाल काढून पडदा पुसत. अठरा वर्षांत बाईंचा चष्मा पुसून द्यावा असं त्यांच्या मनात आलं नव्हतं. एखादा अवघड कोपरा सापडला की ते पुटपुटत, "वा रे गड्या!" आणि ते गड्या पडद्याला असे. माणसानं घरात सवत आणली तर निदान चारचौघांत भांडता तरी येतं. काचेच्या पाटीशी भांडायचं कसं, आणि लोक काय म्हणतील? बाईंनी आवटींच्या नोंदींतल्या चुका शोधायला सुरुवात केली. त्या सापडत नव्हत्या, आणि त्यामुळे त्या आणखी चिडत होत्या.

"आवटी, तुमचं बरं चाललंय हल्ली," एकदा त्या म्हणाल्या.

"चाललंय की. तुम्हालाबी त्रास वाचला नव्हं?"

बाईंना हा शब्द आठवडाभर टोचला. त्रास! यांना तो त्रास वाटत होता तर. आवटी मात्र बोलून खाली मान घालून बसले होते, पण ते बाईंनी पाहिलं नाही. घारीला सगळं दिसतं असं थोडंच आहे.

तर त्या बुधवारी साडेअकरा वाजले आणि बाईंचा धीर सुटला. त्या खोलीप्रमुख होत्या. पडद्यांच्या मांडणीत "सर्वांना एकसारखे रंग" अशी एक सोय होती, आणि ती चालू-बंद करण्याचा अधिकार त्यांना होता. ती चालू केली की पडदे कुणाच्याही डोळ्याचे लाड करणार नव्हते. जुना लाल, जुना हिरवा, जुना गुलाबी. बाईंनी स्वतःला समजावलं की तास-दीड तासाचाच प्रश्न आहे. आवटींना दिसेनासं होईल, ते गोंधळतील, मान वळवून म्हणतील, "बाई, जरा बघा की." एकदाच म्हणाले तरी पुरे. मग आपण पूर्ववत करू. कुणाचं काही बिघडणार नाही, दुसरा अंगठा आपलाच तर आहे, आणि आपले डोळे शाबूत आहेत.

त्यांनी बोट टेकवलं. आपला पडदा किंचित मळल्यासारखा त्यांना वाटला. खिडकीतून ऊन आलंय म्हणून असेल, असं म्हणून त्यांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

बारा वाजून दहा मिनिटांनी वरच्या इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावरून, प्रसूती विभागातून फोन आला. सुवर्णा ऐनापुरे, वय चोवीस, दुसरं बाळंतपण, रक्तस्राव थांबत नाही, बी पॉझिटिव्ह, पिशवी ताबडतोब हवी. अशा घाईत रक्ताची पूर्ण जुळणी होईपर्यंत थांबत नाहीत. तक्ता बघतात, कोपरा बघतात आणि पिशवी देतात.

साडेअकरापासून आलेल्या ओळींना त्रिकोणच नव्हते, त्यामुळे आवटींना बदल कळला नव्हता. त्यांनी सुवर्णाची ओळ उघडली. प्रमिलाबाईंचा जीव कानात गोळा झाला. आता, आता मारतील हाक.

आवटींनी हाक मारली नाही. का मारली नाही, हे बाईंना फार उशिरा उमगलं. पूर्वी आपल्याला दिसत नाही हे आवटींना पक्कं ठाऊक होतं, म्हणून ते खात्री करून घेत. तीन महिन्यांत ते ठाऊक असणंच पुसलं गेलं होतं. कोपऱ्यात काही असतं तर पडद्यानं दाखवलं असतं. त्यानं दाखवलं नाही, म्हणजे काही नाही. आंधळ्याला खड्डा चुकवता येतो, कारण तो काठी टेकतो. त्यांच्या हातातली काठी पडद्यानं काढून घेतली होती.

"कोपरा रिकामा," आवटी स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी अंगठा लावला.

बाईंनी आपल्या पडद्यावर तीच ओळ उघडली. लिहायला लाज वाटते, पण त्या कोपऱ्यात लाल त्रिकोण असावा अशी त्या क्षणी त्यांची इच्छा होती. असता तर त्या ओरडल्या असत्या, "लाल आहे आवटी!" आणि पडद्याची सगळी मिजास उतरली असती. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. गुलाबी चौकट, नाव, आणि कोपरा स्वच्छ. त्यांची निराशा झाली. त्यांनी अंगठा लावला आणि पिशवी वर गेली.

त्यानंतर त्या पाच-सात मिनिटं धुमसत बसल्या. कोपरे उघडत होते, बंद होत होते, हाक काही येत नव्हती. शेवटी "मरू दे ती हाक" असं म्हणून त्यांनी पडद्यांची मांडणी पूर्ववत केली.

तेव्हा समोर उघड्याच राहिलेल्या सुवर्णा ऐनापुरेच्या चौकटीतला गुलाबी रंग फिका झाला, आणि कोपऱ्यात गडद तांबडा त्रिकोण उभा राहिला.

बाई क्षणभर नुसत्या बघत राहिल्या. हा पडदा तर त्यांचा होता. ज्याला गरज नाही त्याच्यासाठी तो काहीच करत नव्हता. मग हे काय होतं? वयानं डोळ्यातलं भिंग पिवळट आणि धुरकट होत जातं, त्यात मोतीबिंदूची सुरुवात झाली की गुलाबीतला निळसर उजेड आतच अडतो आणि गुलाबी लालाच्या जवळ सरकतो. हे त्या स्वतः कुणालाही समजावू शकल्या असत्या. तीन महिने हा पडदा त्यांच्यासाठी चौकट उजळ करत होता आणि त्रिकोण गडद करत होता, आणि त्यांना वाटत होतं, आपण घार आहोत.

त्यांनी टीप उघडली. पहिल्या बाळंतपणात दिलेल्या रक्तामुळे सुवर्णाच्या अंगात एका बारीक घटकाविरुद्ध अँटिबॉडी तयार झाली होती. ही जात लबाड. काही वर्षांत ती इतकी क्षीण होते की चाचणीत सापडत नाही, पण तो घटक असलेलं रक्त पुन्हा मिळालं की चवताळून उठते, तांबड्या पेशी फोडते, आणि चार-सहा दिवसांत मूत्रपिंडं बंद पडू शकतात. अशा बाईला तो घटक नसलेलं, निवडक रक्तच द्यायचं असतं. दिलेली पिशवी निवडक नव्हती.

"आवटी, वर फोन करा! रक्त थांबवा म्हणावं! आणि निवडक बी काढा!" एवढं ओरडून त्या धावल्याच. लिफ्टची वाट न बघता बावन्न वर्षांच्या बाई तीन जिने चढल्या. फोन आणि त्या एकदमच पोहोचल्या. सिस्टरनं नळी बंद केली, तेव्हा पाव पिशवी आत गेली होती.

निवडक रक्त पाठोपाठ आलं. दोन तासांनी रक्तस्राव थांबला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गेलं ते थोडं आहे. पण आठ दिवस हिच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागणार." दाराशी सुवर्णाची आई तान्ह्या नातीला घेऊन उभी होती. तिनं एका हातानं प्रमिलाबाईंचा हात घट्ट धरला.

"ताई, तुमी धावत आलासा म्हून माझी पोर वाचली. देवच पावला बघा तुमच्या रूपानं."

बाईंनी हात सोडवून घेतला.

चार वाजता डॉ. मुजावरांनी दोघांना खोलीत बोलावलं. आवटींचा चेहरा राखेसारखा झाला होता. बसायच्या आधीच ते बोलू लागले.

"सर, पहिला अंगठा माझा. चूक माझी. माझेच डोळे कुचकामी, पडद्यावर इसंबून राहिलो. बाईंचं काही नाही. माझं बघून त्यांनी इश्वासानं अंगठा लावला असंल. उलट त्यांच्यामुळं पोरगी वाचली."

डॉ. मुजावर कपाळ चोळत राहिले. "पडदा चुकला म्हणायचं का? कंपनीला लिहितो मी. आणि तुम्ही, आवटी, पूर्वीचीच रीत चालू करा. प्रत्येक कोपरा बाईंना विचारायचा. पडद्याचा भरवसा नाही."

"विचारीन सर. बाई, आता परत तुम्हीच बघत जा."

हे ऐकायला प्रमिलाबाईंचे कान तीन महिने तहानले होते. ते वाक्य आयतं समोर येऊन पडलं होतं. गप्प बसलं की झालं. मांडणी कुणी बदलली याची नोंद कंपनी कधीतरी बघेल, कदाचित बघणारही नाही. आणि त्यांना आनंद झाला. अगदी आतून झाला, आणि त्या आनंदाची त्यांना शिसारी आली. हे डोळे आता प्रत्येक कोपरा बघणार होते. ज्या डोळ्यांना आज गुलाबीवरचा लाल दिसला नव्हता, तेच.

"सर, पडदा चुकला नाही," त्या म्हणाल्या. "साडेअकरा वाजता मी सगळ्यांचे रंग एकसारखे केले. मुद्दाम केले. आवटींना दिसू नये म्हणून."

डॉ. मुजावरांचा कपाळ चोळणारा हात थांबला.

"आणि मलाही दिसला नाही तो त्रिकोण. डोळे लावून बघितला, तरी नाही दिसला. मला मोतीबिंदू असणार. माझ्यासाठीही पडदा रंग बदलत होता, मला कळलं नाही."

"पण का?" डॉ. मुजावरांचा आवाज चढला. "सव्वीस वर्षं झाली तुम्हाला इथं! का केलंत?"

"जळत होते मी," बाई म्हणाल्या. "पडद्यावर. आवटी मला काही विचारेनासे झाले होते."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांना रागवायचं होतं, पण इतक्या सरळ उत्तरावर रागवायचं कसं ते त्यांना सुचेना. अखेर ते म्हणाले, "हे जसंच्या तसं लिहून द्या. चौकशी होईल. रक्त देण्याच्या खोलीत आजपासून तुम्ही पाऊल टाकायचं नाही. डोळे तपासून घ्या. आणि त्या मुलीच्या घरच्यांना खरं काय ते सांगावं लागेल."

"मी सांगते," बाई म्हणाल्या. "आत्ताच जाते."

बाहेर आल्यावर आवटी त्यांच्या बरोबरीनं चालू लागले. जिन्यापाशी ते थांबले. बाईंना वाटलं, आता हा माणूस ओरडणार. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"बाई," ते म्हणाले, "मला कधीच विचारायची गरज नव्हती."

"म्हणजे?"

"तक्त्याच्या पार उजव्या टोकाला मी एक रांग मांडून ठेवली होती. लपवून. कोपऱ्यात जो रंग असंल त्याचं अक्षर त्या रांगेत आपोआप उमटायचं. लालचा ल, हिरव्याचा ह. नोकरीला लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात केली ती. मी आधी ती बघायचो, आणि मग तुम्हाला हाक मारायचो."

बाईंनी जिन्याचा कठडा धरला. "अठरा वर्षं?"

"अठरा वर्षं. पडदे आले तेव्हा पुसून टाकली. म्हटलं, आता ही चोरी नको. पुसली नसती तर आज ल दिसला असता मला. तेवढी चूक माझीच."

"मग मला हाक का मारली नाहीत इतके दिवस?"

"काय म्हणून मारायची? कोपऱ्याच्या नावानं मारायची सवय. नुसतंच 'बाई, चला, च्या घेऊ' म्हणायचं, तर जीभ रेटंना. रोज ठरवायचो आणि रोज पडदा पुसत बसायचो." ते थांबले. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज कोरडा होता. "माझी लेकबी चोवीसचीच आहे, बाई. त्या पोरीच्या जागी मला तीच दिसतीया सारखी."

बाईंनी त्यांच्याकडे हात पुढे केला आणि अर्ध्यातच मागे घेतला.

"ती रांग मी उद्या परत मांडतोय," आवटी म्हणाले. "ती बघून आता कुणाला हाक मारणार नाही."

ते वळले आणि रक्त देण्याच्या खोलीकडे गेले. दारावर त्यांनी अंगठा टेकवला, दार उघडलं आणि त्यांच्यामागे बंद झालं. प्रमिलाबाई सुवर्णाच्या आईला भेटायला जिना चढू लागल्या.